चिंचोक्यांचं घर

इरफानने कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि मागे सरून उभा राहिला.

"खाली नाव घाल," मी म्हटलं, पण माझी नजर चित्रावरून हलेना.

हा मुलगा आदल्या संध्याकाळी परभणीहून पोलिसांच्या गाडीतून आमच्याकडे पोचला होता. तापीकाठचा हा मुलूख त्याने जन्मात पाहिला नव्हता. तरी त्याने काढलेलं घर माझ्या ओळखीचं होतं. समोर दगडी पायऱ्या, त्यातली वरची एका कोपऱ्यात फुटलेली. उजव्या अंगाला लिंबाचं झाड. डाव्या अंगाला आड. आणि दाराशेजारी एक बारीक खिडकी, तिला गज, आणि गजांमागे पेन्सिलीचा एक ठिपका.

"हे तुझं घर?"

"हो बाई."

"कधीपासून राहतोस इथे?"

त्याने एकदा मागे गजूकडे पाहिलं. "लहानपणापासून."

"आणि आडावर हे काय?"

"पत्रा. पत्र्यावर दगड."

"दगड कशाला रे?"

इरफानने खांदे उडवले. "असतोच."

मी वळून भिंतीकडे पाहिलं. तिथे मी मुलांची चित्रं टाचणीने लावत असे. बुलढाण्याच्या गजूचं घर, अकोल्याच्या नंदूचं, धुळ्याच्या कैलासचं. कुणी दार निळं रंगवलं होतं, कुणी हिरवं. पण पायरी त्याच कोपऱ्यात फुटलेली होती आणि आडावरचा दगड प्रत्येकाने इतका काळा केला होता की कागद तिथे चकाकत होता. इतके दिवस मी समजत होते, एक दुसऱ्याचं पाहून काढतो. पण इरफानला मी सकाळपासून माझ्यासमोर, भिंतीकडे पाठ करून बसवलं होतं.

"खिडकीत कोण आहे, इरफान?"

वर्गातला पेन्सिलींचा आवाज थांबला. मी मान वर केली. सगळ्या मुलांनी आपापला उजवा हात उचलून गळ्याची कातडी चिमटीत धरली होती. कुणी हसत नव्हतं. इरफानने सगळ्यांत शेवटी धरली, नुकतीच शिकलेली गोष्ट करावी तशी.

"तिला हाक मारायची नाही, बाई," गजू मागून हळूच म्हणाला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी या सुधारगृहात शिकवायला येऊ लागले होते. उंच भिंत, वर काचा, आत एकामागून एक दोन लोखंडी दरवाजे. पहिला बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नसे. मधल्या अंधाऱ्या जागेत क्षणभर थांबावं लागे आणि मला रोज वाटे, मुलांना पहिल्या दिवशी इथे काय वाटत असेल. कुणी चोरी केलेली, कुणी मारामारी, एकदोघांनी त्याहून मोठं काही. मी कधी विचारत नसे. माझ्यापुरता प्रश्न एवढाच, की याला जोडाक्षरं येतात की नाही.

चित्राची पद्धत वाणी मॅडमची. निलिमा वाणी ही आमची समुपदेशक, वयाने माझ्या लेकीएवढी, कामाला वाघ. नवा मुलगा आला की त्याने पहिल्या बुधवारी 'माझं घर' काढायचं, आणि ते चित्र समोर ठेवून ती त्याच्याशी बोलायची. तिच्या उपचारांची सुरुवात तिथून होई.

त्या दुपारी मी इरफानचं चित्र घेऊन तिच्या खोलीत गेले.

"अहो बाई, कॉपी करतात," ती म्हणाली. "बराकीत रात्री बोलणं होतं, एकाचं घर सगळ्यांना आवडतं. चांगलंच आहे ते. सगळ्यांना एक घर हवंय."

"मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, घराच्या मागे काय आहे. चित्रात मागची बाजू कुठे असते, सांग."

"मग?"

"म्हणाला, गोठा. गाय नाही, नुसतं दावं आहे खुंटीला. मग नंदूला अंगणात गाठलं. तोही तेच म्हणाला. गोठा रिकामा, दावं खुंटीला."

निलिमाने पेन खाली ठेवलं. 

"बाई, मला शुक्रवारचं काम आहे," ती म्हणाली. "भिकनचे कागद तयार करायचेत."

भिकन माझ्या वर्गात दाराजवळ बसे, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तेरा-चौदा वर्षांचा, जवळच्याच तालुक्यातला. सख्ख्या काकावर पहारीने हल्ला केला म्हणून आला होता, आणि आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. घसा तपासून झाला होता, घशात काही नव्हतं. तो पेन्सिलही धरत नसे. 'माझं घर' काढायला दिलं तेव्हा कोरा कागद तसाच परत दिला होता.

पहिलीच्या मुलांना मी आयुष्यभर चिंचोक्यांवर गणित शिकवलं. म्हणून एक दिवस मी घरून चिंचोक्यांची पिशवी आणली आणि त्याच्यासमोर ओतली. "सांगू नकोस, लिहू नकोस. नुसती बेरीज मांड." त्याचे हात मांडीखालून बाहेर आले. भराभर मांडली त्याने. वजाबाकी, पाढे, सगळं. मुलगा हुशार होता. पण "आता 'क' मांडून दाखव" म्हटलं, की हात पुन्हा मांडीखाली जात. पिशवी मी त्याच्यापाशीच ठेवली होती.

शुक्रवारी त्याला काकाच्या ताब्यात द्यायचं, असं बाल न्याय मंडळाने ठरवलं होतं. काका दर महिन्याला भेटायला येई. उखाकाका त्याचं नाव. पांढरी टोपी, कपाळावर पहारीचा व्रण, हातात शेवेची पुडी. "पोरगं आहे, रागाच्या भरात केलं," तो सगळ्यांना सांगे. "भाऊ गेला, वहिनी कुठं निघून गेली देव जाणे. आता त्याला मी सोडून कोण आहे?" ऐकणाऱ्याचं मन भरून येई. निलिमाचं मत होतं, घरी गेला की मुलगा बोलेल.

मला तसं दिसत नव्हतं. शुक्रवारची गोष्ट कळल्यापासून भिकनने ताटाला हात लावला नव्हता.

संध्याकाळी मी परत निघाले तेव्हा मधल्या दरवाजावर आधारमामा होते. मुलांवर देखरेख करणारा हा म्हातारा माणूस, वीस वर्षं तिथे. किल्ली लावता लावता थांबले.

"बाई, एक सांगू? हसायचं नाही."

"नाही हसत. सांगा."

"पोरं जेवणाच्या घंटेआधी एक खेळ खेळतात. नवं पोर आलं की हमखास, कालही खेळले. गोंगाट चालतो हो मला, मारामारीसुद्धा सोडवतो मी. पण ह्या खेळात आवाज नसतो." त्यांनी कुलपाकडे पाहिलं. "मला ते बघवत नाही. मी पाठ करून उभा राहतो."

"आज खेळतील?"

"खेळत असतील आताच."

दिवस मावळायला आला होता. बराकीच्या जाळीच्या दारातून तांबूस उजेड आत पडला होता आणि सगळी मुलं फरशीवर गोल करून बसली होती. मी बाहेरच उभी राहिले. मध्ये भिकन होता. त्याच्यासमोर फरशीवर घर होतं.

माझ्या चिंचोक्यांचं. भिंतींच्या जागी चिंचोक्यांच्या रांगा, पायऱ्यांच्या जागी साबणाच्या वड्या, वरच्या वडीचा कोपरा मोडलेला. मागे गोठा, त्यात सुतळीचा तुकडा. डाव्या अंगाला पालथं झाकण, त्यावर अंगणातून आणलेला गोटा.

भिकनने इरफानचं बोट धरलं होतं. आंधळ्याला घर दाखवावं तसं तो ते बोट फिरवत होता. पायरी. फुटक्या कोपऱ्यापाशी बोट थांबलं, पुढे गेलं. दार. गोठा. दावं. आड. दगडावर बोट दाबून धरलं, इतका वेळ की इरफान कळवळला. मग खिडकी. तिथे भिकनने एकच चिंचोका ठेवला होता, उभा, दोन भिंतींच्या मध्ये अडकवून. बोट तिथे पोचलं आणि गोलातल्या सगळ्या मुलांचे हात एकदम गळ्याशी गेले.

 मला लख्ख आठवलं. अंगणात, मधल्या सुट्टीत, भांडणात, पन्नास वर्षं मी ही चिमूट पाहत आले होते. गळ्याची शपथ.

"मामा, दार उघडा."

मला पाहून कैलासने घर मोडायला हात पुढे केला. "राहू दे," मी म्हटलं आणि कशीबशी फरशीवर बसले, मुलांच्या गोलात. माझे गुडघे कडकडले, एकदोघं हसले. बरं वाटलं.

"भिकन, शपथ आहे ना?"

तो हलला नाही.

"तो नाही सांगणार, बाई," गजू म्हणाला. "शपथच ती. बोलायचं नाही, लिहायचं नाही, रेघ मारायची नाही."

"हे त्याने सांगितलं तुम्हाला?"

"छे! त्याने काहीच सांगितलेलं नाही हां. उगाच त्याच्यावर आळ नको. आम्ही ओळखलं." गजूचा आवाज एकदम मोठा झाला. "त्याने शपथ मोडलेली नाही."

"बरं बाबा, नाही मोडली. भिकन, चिंचोके मांडायचे नाहीत असं काही आहे का शपथेत?"

भिकनने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा, सरळ.

"नाही ना? मग मला मांडून दाखव. शपथ घातली कुणी?"

तो उठला. कोपऱ्यात त्याची पत्र्याची पेटी होती, तिच्यामागे शेवेच्या पुड्या होत्या, एकही न उघडलेली. मुंग्यांनी त्यांना वाटा केल्या होत्या. त्याने एक पुडी आणून माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यावर एक चिंचोका ठेवला.

"आणि कुणाच्या गळ्याची?"

तोच चिंचोका उचलून त्याने खिडकीतल्या चिंचोक्याला टेकवला.

"कोण आहे ती? आई?"

त्याने मान हलवली नाही. हाताने जमिनीपासून उंची दाखवली. कमरेच्या खाली.

 मी गजूकडे वळले. "अरे, तुम्ही तरी बोलायचं! एवढी मोठी मुलं तुम्ही."

"आम्ही बोललो आणि तिचं काही झालं म्हणजे?" गजू म्हणाला. "म्हणून फक्त काढलं. प्रत्येकाने. नव्या पोरालासुद्धा काढायला लावलं. म्हटलं, एवढी सगळी एकच घर काढतात म्हटल्यावर कुणीतरी विचारेल." तो चिंचोक्यांकडे बघत राहिला. "मॅडम म्हणाल्या, रंग छान भरलाय."

मी निलिमाला तसं सांगितलं, शब्दाला शब्द. ती पांढरी पडली. मग कपाटातून भिकनच्या घराला दिलेल्या भेटीचा, काकाच्या सांगण्यावरून लिहिलेला अहवाल काढून माझ्यापुढे धरला.

"वाचा बाई. घरात काका आणि काकू. मूलबाळ नाही. वडील वारले, आई वर्षभरापूर्वी घर सोडून गेली, पत्ता नाही. बहीण आहे असं कुठेच नाही. त्या घरात मुलगीच नाहीये!"

"मग खिडकीत कोण आहे?"

"कुणी नसेलही! मुलाच्या मनात असेल. शपथ आहे म्हणून मी मंडळापुढे काय सांगू? चिंचोके दाखवू?"

"मंडळाला काही सांगू नकोस. उद्या माझ्याबरोबर चल. नसेल कुणी तर परत येऊ, आणि परवा तू त्याला खुशाल काकाबरोबर पाठव."

तिने अहवाल मिटला. मग म्हणाली, "एक महिला पोलीस लागेल बरोबर."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जीपने निघालो. गाव केळीच्या बागांमागे होतं आणि घर गावाच्या टोकाला. जीप थांबली आणि मी खाली उतरले. त्यानंतर जे झालं त्याचं आजही मला नवल वाटतं. मी त्या गावी कधी गेले नव्हते. पण फुफाट्यातून चालताना मला पुढचं सगळं ठाऊक होतं. लिंब उजवीकडे. आड डावीकडे. मी पायऱ्या चढले आणि माझा पाय आपोआप फुटका कोपरा चुकवून पडला. निलिमा माझ्यामागे होती. तिने तो कोपरा पाहिला आणि माझा पदर धरला.

काकू दारात आली. वाळलेली बाई, डोळे सतत आमच्या पाठीमागच्या रस्त्याकडे.

"शुक्रवारी भिकन यायचाय, म्हणून घर पाहायला आलो," निलिमा म्हणाली. "घरात कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच, ताई."

"मुलगी?"

"कोणती मुलगी? आम्हाला मूल नाही."

त्यांचं बोलणं चाललं होतं तेव्हा मी दाराशेजारच्या खिडकीपाशी गेले. आतून गोणपाट लावलेलं होतं, गजांना बांधलेलं. एका कोपऱ्यात ते फाटलं होतं. आत मिट्ट काळोख. हाक मारायला तोंड उघडलं, आणि गजूचं वाक्य आठवलं. तिला हाक मारायची नाही.

काय करावं कळेना. मग मी हात वर केला आणि आपल्या गळ्याची कातडी चिमटीत धरली. त्या फाटक्या कोपऱ्यासमोर तशीच उभी राहिले. म्हाताऱ्या बाईचं हे काय चाललंय, असं पोलीस बाईंना वाटलं असेल.

काळोखात काहीतरी हललं. एक हात वर आला. इतका बारीक, की आधी मला काडीच वाटली. त्या हाताने गळा चिमटीत धरला.

"निलिमा," मी म्हटलं. "निलिमा, इकडे ये."

त्या खोलीचं कुलूप काकूनेच उघडलं. तिला फार सांगावं लागलं नाही. किल्ली तिच्या कमरेलाच होती, आणि ती लावताना बाई रडत होती. मुलगी सहासात वर्षांची असेल. नाव मंजी. उजेडात आणल्यावर तिने डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "दादा आला?"

तेवढ्यात उखाकाका शेतातून धावत आला. टोपी हातात.

"वेडसर आहे ती, मॅडम! पळून जाते. अब्रूसाठी घरात ठेवली, मारलं नाही कधी. विचारा हिला!" धाप लागली म्हणून तो आडाला टेकला. हात दगडावर होता. दगड मुलांच्या चित्रांतल्यापेक्षा मोठा होता. मला वाटे, मुलं तो उगाच मोठा करतात आणि पेन्सिल फार दाबतात.

पोलीस बाईंनी त्याला जीपच्या पुढच्या बाजूला बसवलं. आम्ही मंजीला घेऊन मागे बसलो. वाटेत तिने एक केळ खाल्लं, साल हातातच ठेवली.

तिला मुलींच्या गृहात न्यायचं होतं. पण आधी सुधारगृहात थांबायचं, असं मी निलिमाला म्हटलं आणि तिने नियम काढला नाही.

भेटीच्या खोलीत आम्ही मंजीला बाकावर बसवलं. खोलीच्या एका बाजूला जाळी होती. बातमी कशी पसरते कोण जाणे, पण माझा अख्खा वर्ग त्या जाळीपलीकडे येऊन उभा होता. आधारमामांनी त्यांना हटकलं नाही.

भिकन आत आला. बहिणीला पाहून तो धावला नाही. दाराशीच थांबला, हात गळ्यावर. मंजीनेही हात गळ्याशी नेला. दोघं तशीच राहिली. हलेनात.

"गजू," मी जाळीकडे वळून विचारलं, "शपथ सोडवायची कुणी?"

"घालणाऱ्याने, बाई. नाहीतर जिच्या गळ्याची घातली तिने."

आमच्या शाळेतही असंच होतं. मी मंजीच्या कानाशी वाकले. "बाळ, दादाला सांग, सुटली म्हणून. मग त्याला बोलता येईल."

तिने माझ्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. "काका?"

"काका पोलिसांजवळ आहे. इथे यायचा नाही."

"सुटली," मंजी म्हणाली. अगदी बारीक. मग मोठ्याने, "सुटली, दादा."

भिकन पुढे आला. त्याने आपल्या गळ्यावरचा हात काढला आणि तिच्या गळ्याला लावून पाहिला. इकडून, तिकडून. गळा होता तसाच होता. मग त्याने तोंड उघडलं.

खोलीत एका मोठ्या पुरुषाचा आवाज आला.

भिकन दचकून मागे वळला, कोण बोललं ते पाहायला. मागे कुणी नव्हतं. तो गप्प होता त्या दिवसांत त्याचा आवाज फुटला होता, आणि त्याला ते माहीतच नव्हतं. मंजी माझ्यामागे लपली. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"तूच आहेस रे," मी म्हटलं. "तुझाच आहे. बोल."

 तो परका, घोगरा आवाज अडखळत बाहेर आला.

"बाई, आडावरचा दगड काढा. मला एकट्याला नाही निघाला. पहार लावली होती मी... तेवढ्यात काका आला." तो थांबला. "आई खाली आहे."

निलिमा फोनकडे धावली. दुसऱ्या दिवशी चार माणसांनी मिळून तो दगड हलवला, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला भिकनचं खरं होतं हे कळलं. पण त्या खोलीत ते कुणाला तपासून पाहायची गरज नव्हती. पहार त्याने काकासाठी उचललीच नव्हती, हे मला तेव्हाच कळलं.

मी जाळीकडे पाहिलं. मुलांचे हात अजून गळ्यावरच होते. गजूने आपला खाली घेतला. मग नंदूने, कैलासने, एकामागून एक. इरफानने सगळ्यांत शेवटी घेतला, आणि आधी शेजारच्याला विचारलं, "आता काढू?"